परतफेड नसलेले शब्द

बांद्याच्या आठवडा बाजारात दोन जुने सोबती समोरासमोर आले, की पहिला शब्द कुशलाचा नसतो. "मेल्या, खंय होतंस इतके दीस?" अशी पृच्छा होते, आणि दुसऱ्याच्या तोंडून त्याहून एक पायरी खालचा शब्द येतो. मग दोघेही मनमुराद हसून चहाच्या दुकानाकडे वळतात. याउलट दोघांपैकी एकजण मुंबईत स्थायिक झालेला असेल आणि त्याला त्याच्या सोबत्याने 'आपण कसे आहात' असे विचारले, तर ते त्याला जिव्हारी लागते. आपण आता परके झालो, हे त्याला त्या 'आपण'वरूनच कळते. शिवी मायेची आणि आदरार्थी बहुवचन दुराव्याचे, असा हा आमच्या मुलखाचा उलटा व्यवहार आहे.

गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ते गाजवले. तेव्हापासून मालवणी म्हणजे शिव्यांची भाषा, अशी उर्वरित महाराष्ट्राची समजूत झाली. आम्हा मंडळींना तिचा राग आला नाही. खरे सांगायचे तर किंचित अभिमानच वाटला. कोणी नाक मुरडलेच, तर आमचे उत्तर तयार असे : 'आमच्यात असेच बोलतात, मनात काही नसते.' हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे दिले. ते किती तोकडे आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आमची आजी आम्हाला नावाने क्वचितच हाक मारी. 'मेल्या' हेच आमचे नाव होते. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे जगलेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा भिकू ठेवीत. वाईट नाव ऐकून मृत्यू दुर्लक्ष करील, अशी त्यामागची भाबडी चतुराई. 'मेल्या'मध्येही आम्हाला तीच चतुराई ऐकू येते. एका उन्हाळ्यात पुण्याचा एक मित्र आमच्या घरी आला. आजीने त्याच्या पानात भात वाढताना "मेल्या, पोटभर जेव" असे म्हटले आणि त्याचा हात थबकला. आम्ही त्याला अर्थ समजावून सांगितला. आजीनेही पुढे जपून त्याला 'जेवा हां' म्हणायला सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, "आजी, मला मेल्याच म्हणा." हेतू आणि ग्रहण यांतले अंतर असे दोन जेवणांत मिटू शकते, असे आम्हाला वाटले. तो आमचा भ्रम होता.

दुसरा प्रसंग आम्ही शिकवत होतो त्या काळातला. एका व्याख्यानासाठी गोव्याहून पाहुणे यायचे होते. पत्रादेवीचा नाका ओलांडून ते बांद्यात पोचले आणि त्यांनी दूरध्वनीवरून घराचा रस्ता विचारला. आम्ही सांगितला : पूल, मग चढ, मग 'महारवाड्याकडून डावीकडे वळा'. आम्हाला मदत करायला आलेला एक विद्यार्थी शेजारी खुर्च्या मांडत होता. त्याचे घर त्याच वस्तीत, हे आम्हाला ठाऊक होते. त्या क्षणी ते आठवले नाही, एवढेच. पाहुण्यांशी बोलणे संपल्यावर तो खुर्ची मांडता मांडता, आमच्याकडे न पाहता म्हणाला, "सर, शाळेकडसून वळा म्हणान सांगलात तरी चलात."

आवाजात राग नव्हता. जणू रस्त्याची एक अधिक सोयीची खूण सुचवावी, तसे तो बोलला.

आमच्या मनात प्रथम उमटले ते हेच, की आम्ही तर केवळ पत्ता सांगितला. तो शब्द सरकारी कागदांवर होता, टपालाच्या पाकिटांवर होता, सगळ्या गावाच्या तोंडी होता. आमच्या मनात काही नव्हते. आणि मग त्या 'काही नव्हते'चीच आम्हाला लाज वाटू लागली. आमच्या मनात द्वेष असता तर तो मुलगा भांडू तरी शकला असता. जो रागावलेलाच नाही, त्याच्याशी भांडायचे कसे? हेतूचा अभाव हा आमचा बचाव नव्हता. त्याच्या दृष्टीने तोच खरा अपमान होता. त्याच्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवणारी व्यवस्था आमच्या जिभेवर इतकी सहज वसली होती, की तिला हेतूची गरजही उरली नव्हती.

मग ऐकणाऱ्याला जे लागले तोच अपमान, असे म्हणून मोकळे व्हावे काय? साहित्याच्या वाचकाला ते परवडणारे नाही. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ने १९७२ साली अनेकांच्या भावना दुखावल्या. कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले नसते, तर त्या दुखावलेल्या भावनांनीच नाटकाचा निकाल लावला असता. त्याच वर्षी आलेल्या नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तील शब्दांनीही पांढरपेशा कान पोळले. हे दुखणे खोटे होते असे नव्हे. परंतु ज्याचे जग सुरक्षित आहे त्याला एखाद्या शब्दाने धक्का बसणे, आणि ज्याला त्या शब्दात कोंडूनच ठेवले आहे त्याला तो पुन्हा ऐकावा लागणे, या दोन्हींना 'भावना दुखावल्या' असे एकच नाव देणे म्हणजे भाषेचा आळस आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न केवळ दोघांतला मानला नव्हता, याची इथे आठवण होते. अकराव्या शतकातील मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंग्यार्थ कशाकशामुळे प्रकट होतो, याची यादी दिली आहे. तीत बोलणारा आणि ज्याला उद्देशून बोलले तो, हे दोघे आहेतच. शिवाय काकू म्हणजे स्वराचा हेल आहे, प्रसंग आहे, देश आणि काल आहे. आणि 'अन्यसंनिधी', म्हणजे तिसऱ्याची उपस्थिती, हीही आहे. वर्गात आम्ही ही यादी अनेकदा फळ्यावर लिहिली होती. परीक्षेला येते म्हणून मुले ती पाठही करीत. आमचे वाक्य पाहुण्यांना उद्देशून होते. खुर्च्या मांडणारा तो मुलगा मम्मटाच्या यादीतला 'अन्य' होता. यादी शिकवणाऱ्यालाच ती त्या दिवशी आठवली नाही.

कायद्यालाही या प्रश्नाशी झगडावे लागले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्णसिंग यांच्या प्रकरणात असे म्हटले, की 'चमार' या शब्दाची व्युत्पत्ती काय, हे महत्त्वाचे नाही. आज तो लोकव्यवहारात कोणत्या अर्थाने वापरला जातो, ते पाहिले पाहिजे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात मूळ तरतूद होती ती अवमानित करण्याच्या हेतूने केलेल्या अपमानाची. २०१५ च्या दुरुस्तीने तिच्या शेजारी एक स्वतंत्र तरतूद आणून बसवली : लोकांच्या देखत जातीच्या नावाने शिवीगाळ करणे. या दुसरीच्या शब्दरचनेत हेतूचा उल्लेख नाही. आमचे पत्ता सांगणे यांपैकी कशातच बसत नाही, हे उघड आहे. पण कायदा जिथे संपतो तिथे सभ्यता सुरू व्हावी, ही अपेक्षा गैर नव्हे.

चांगला हेतूसुद्धा पुरत नाही, याचे उदाहरण तर आपल्या इतिहासातच आहे. 'हरिजन' हा शब्द गांधीजींनी रूढ केला तो गौरवासाठी. त्या नावाचे साप्ताहिकही १९३३ मध्ये सुरू झाले. पण १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात स्थानिक मंडळांसंबंधीच्या विधेयकात तो शब्द घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी विरोध करून सभागृहाबाहेर पडले. ज्यांचे नामकरण होत होते, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. तिथे दोष हेतूत नव्हता. नाव ठेवण्याचा अधिकार एकाच बाजूला होता, हा दोष होता.

यावरून आम्ही स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. शब्द परत करता येतो का? बाजारातल्या दोन सोबत्यांत 'मेल्या' हा चेंडू आहे. टाकला तसा परत येतो. तो मुलगा आमच्या वस्तीला आमच्या जातीवरून ओळखू शकला असता, पण त्यातून आमचा मान वाढला असता, कमी झाला नसता. शब्द तोच प्रकारचा, परतफेड मात्र अशक्य. आजीचा 'मेल्या' आम्हीही तिला परत करू शकत नव्हतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो शब्द आम्हाला वारशाने मिळायचा होता. आज आम्ही तो नातवंडांना उद्देशून वापरतो. घरातला एकतर्फी शब्द काळाच्या ओघात हात बदलतो. जातीचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या त्याच हातांत राहतो आणि त्याच पाठींवर पडतो.

तो परत करायचा एक मार्ग लेखकांनी शोधला. लक्ष्मण माने यांनी 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' (१९८७) हे शब्द मुखपृष्ठावर आणले. दुसऱ्यांनी ज्या शब्दाने हिणवले, त्यावर आपले नाव लेखक म्हणून लिहिले. तो शब्द वापरण्याचा अधिकार त्यामुळे इतरांना मिळाला, असे मात्र कोणी समजू नये.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. कागद बदलतात, जिभेला वेळ लागतो. आमच्या पिढीची जीभ अजून चढ संपताना अडखळते, हे कबूल केले पाहिजे.

त्या विद्यार्थ्याची आम्ही क्षमा मागितली नाही. त्या दिवशी धैर्य झाले नाही, आणि नंतर विचार केला तेव्हा वाटले, की मागितली असती तर त्याला 'काय नाय ओ, सर' असे म्हणून आमचेच सांत्वन करावे लागले असते. हा युक्तिवाद आहे की पळवाट, हे आम्हाला आजही ठरवता आलेले नाही. पाहुणे आले, व्याख्यान झाले, खुर्च्या त्यानेच आवरल्या. तेव्हापासून कोणी रस्ता विचारला, की आम्ही शाळेकडून वळायला सांगतो. पाहुणे त्याच वळणाने, तितक्याच वेळात घरी पोचतात.