सनद आणि कसब

वकिलीची सनद हाती येणे निराळे आणि वकिली अंगी येणे निराळे. पूर्वी या दोहोंमधील अंतर नवशिका वकील एखाद्या ज्येष्ठाची दप्तरे वाहता वाहता कापीत असे. आता त्यातले निम्मे तरी विद्यापीठात असतानाच कापले जावे, अशी अपेक्षा आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान २० आठवड्यांची उमेदवारी लावून दिली. दावे-अर्ज लिहिण्याचा विषयही सक्तीचा केला.

आम्ही भोपाळात वकिली करतो. घरी मराठी, ग्रंथ इंग्रजी आणि कोर्टात हिंदी, तीही उर्दूच्या अंगाने जाणारी, अशी आमची त्रिस्थळी यात्रा चालते. सुटीत विद्यार्थी उमेदवारीस येतात. निवाडे त्यांना मुखोद्गत असतात. प्रशस्तिपत्रकावर शिक्का कधी मिळेल, याचीही चौकशी ते वेळेवर करतात.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका विद्यार्थिनीकडे आम्ही पोटगीचे काम सोपविले. अशील धुणीभांडी करणाऱ्या बाई. मुलीने हकीकत ऐकून सुबक हिंदीत अर्ज लिहिला. आम्ही म्हटले, "आता हा बाईंना वाचून दाखव." ती वाचू लागली. 'पतीचे घर सोडले' या अर्थाच्या वाक्याशी बाईंनी हात वर केला. "छोड़ा नहीं, बेटी, निकाली गई हूँ."

मुलीला तो शब्दाचा फरक वाटला. तो हक्काचा होता. पुरेशा कारणावाचून नवऱ्याजवळ राहण्यास नकार देणाऱ्या पत्नीस पोटगी मिळत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे पूर्वीच्या संहितेचे १२५, सांगते. ते वाक्य तसेच राहिले असते, तर प्रतिपक्षाच्या वकिलाने ते बाईंचीच कबुली म्हणून पुढे केले असते.

हे कसब शिकण्यास जागा नाही असे नाही. विद्यापीठांतून व विधि महाविद्यालयांतून विधिसाहाय्याची केंद्रे चालावीत, अशी तरतूद १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यातच आहे. आणि त्याच कायद्याने स्त्रीस, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मागता येतो. अशा केंद्रात मन लावून बसणारा विद्यार्थी पुढे न्यायालयात जावो की एखाद्या कंपनीच्या विधिखात्यात. दुसऱ्याचे म्हणणे त्याचा अर्थ न ढळता कागदावर उतरविणे, यावरच त्याची भाकरी अवलंबून राहणार आहे.

उमेदवारीस येणाऱ्यांचे गुणपत्रक आम्ही हल्ली मागाहून पाहतो. आधी विचारतो, "तू लिहिलेला कागद, ज्याचा आहे त्याला कधी वाचून दाखविला आहेस का?"