मरण, माया आणि भय

विद्यार्थी मित्रहो, भयकथेचे मूळ आपण सहसा भुताखेतांच्या गोष्टींत शोधतो. ते शोककवितेतही असते, याकडे या पाठात आपले लक्ष वेधावयाचे आहे.

गॉटफ्रीड ब्युर्गर या जर्मन कवीने 1773 मध्ये ‘लेनोरे’ हे कथाकाव्य लिहिले. युद्धावर गेलेला प्रियकर परतत नाही, म्हणून लेनोरे देवालाच बोल लावते. आई परोपरीने समजावते, पण तिचा आकांत शमत नाही. रात्री दारी घोडेस्वार येतो. ती त्याच्यामागे घोड्यावर बसते आणि ती भरधाव वाट कबरीपाशी संपते. ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’च्या (1897) आरंभीच या काव्यातील एक ओळ एका प्रवाशाच्या तोंडी घातली. ‘ड्रॅक्युला’चा वारसा स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ने (1975) चालविला आणि तिच्याच आधारे नारायण धारपांची ‘लुचाई’ मराठीत अवतरली. एका विरहिणीचा शोक असा दोन शतकांनी आपल्या भाषेत भय होऊन आला.

आता गोविंदाग्रजांची ‘राजहंस माझा निजला’ ही कविता आठवा. मांडीवरचे मूल गेले आहे आणि आई म्हणते, तो निजला आहे. येथे भूत नाही, घोडेस्वार नाही. आपण ती करुणरसाचे उदाहरण म्हणून वाचतो. परंतु भोवती उभ्या असलेल्या माणसांच्या नजरेने ती पुन्हा वाचा. अंगावर काटा येतो. लेनोरे आणि ही माता, दोघीही मरण नाकारतात. फरक एवढाच, की ब्युर्गर त्या नकाराला उत्तर धाडतो. गोविंदाग्रज धाडीत नाहीत.

याचा अर्थ मला उलव्यात उमगला. 2018 मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली आणि वडिलांची घरी येण्याची वेळ ठरून गेली. ते निवर्तल्यावरही, शेवटची गाडी येऊन गेल्याखेरीज आई दाराला कडी लावीत नसे. मी काही बोलत नसे. एका रात्री लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली. आई पदर सारखा करीत उठली. त्या क्षणी मला भय वाटले ते चोराचे नव्हे, दार खरोखरच उघडेल याचे. ज्यांच्या आठवणीने दिवसभर जीव व्याकूळ होई, तेच दारात उभे राहतील या कल्पनेने माझे हातपाय गार पडले. शेजाऱ्यांच्या दाराची किल्ली वाजली. आई क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग तिने स्वतःच्या हाताने कडी लावली.

गेलेले माणूस परत यावे ही माया, आणि ते खरेच परतले तर ते आपलेच असेल काय, हे भय. ही दोन्ही एकाच उंबरठ्यावर उभी असतात. शोककविता उंबरठ्याच्या आत थांबते. भयकथा दार उघडते.

म्हणून मित्रहो, भयकथेला हलके वाङ्मय म्हणून बाजूला सारू नका. पुढील वेळी एखादी भयकथा वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : येथे कोणाला निरोप द्यावयाचा राहून गेला आहे? उत्तर बहुधा पहिल्या काही पानांतच मिळेल, आणि कथेतील भूत तुम्हांला निराळे दिसू लागेल.