एकेक पाते

विनोद आणि मृत्युभय एकाच कृतीत समान तोलाने नांदू शकत नाहीत, दोहोंपैकी एकाला गौण व्हावेच लागते, असे मी अनेक वर्षे मानत आणि शिकवत आलो होतो. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हेच रस सांगितले असल्याने या समजुतीला परंपरेचा आधारही होता. टेरी प्रॅचेट यांची ‘रीपर मॅन’ (१९९१) ही कादंबरी वडिलांच्या अखेरच्या आजारपणात, त्यांच्या उशाशी बसून वाचताना ती समजूत ढळली.

कादंबरीचा नायक प्रत्यक्ष मृत्यू आहे. व्यक्तिमत्त्व जडल्याच्या दोषावरून त्याला कामावरून दूर केले जाते. उरलेल्या आयुष्याचे वाळूचे घड्याळ घेऊन तो बिल डोर या नावाने मिस फ्लिटवर्थ या वृद्धेच्या शेतावर गडी म्हणून राहतो. लांब दांड्याचा विळा चालवण्यात तो अर्थातच तरबेज. मात्र गवत कापतो ते एका वेळी एकच पाते. येथे मी मोठ्याने हसलो आणि समोरच्या खाटेकडे पाहून ओशाळलो.

हे हसू म्हणजे पलायन होते काय? मला तसे वाटत नाही. कापणी हे ढिगाने करण्याचे काम; त्यात प्रत्येक पात्याची स्वतंत्र दखल घेणे हास्यास्पद खरे, पण रुग्णशय्येपाशी बसलेल्या माणसाला नेमकी तीच दखल हवी असते. आनंदवर्धनाने विरोधी रसांना भिन्न आश्रय देण्याची वाट दाखवलीच आहे. प्रॅचेटही भयाचा वाटा मुकुट घालून येणाऱ्या नव्या मृत्यूकडे सोपवतात. परंतु गवताच्या प्रसंगात हास्य आणि करुण यांचे आलंबन एकच राहते. विंडल पून्स या मरूनही न मेलेल्या जादूगाराच्या उपकथानकात ही एकात्मता नाही. म्हणूनच ते मला लांबलेले वाटले.

हसण्याचे कारण वडिलांनी विचारले. मूळ इंग्रजीत मृत्यूचे बोलणे अवतरणचिन्हांविना, लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेले असते. देवनागरीत ती सोय नाही. मी ते साध्या घरगुती मराठीत सांगितले. शेतीत जन्म गेलेल्या वडिलांनी विचारले, “एकेक पातं? मग त्याचं उरकतं कधी?”

“उरकतं, दादा.”

ते हसले. त्या हसण्याला पलायन म्हणण्याचा अधिकार मला नाही. रसविरोधाचा पाठ मी आजही शिकवतो. हे उदाहरण मात्र आता वगळत नाही.