आईंचा आवाज आणि फोनचा बॅकअप

तुमच्याही घरात, कपाटाच्या एखाद्या खणात, एक तरी जुना फोन पडलेला असेल. तो कोणी वापरत नाही, पण टाकूनही देववत नाही. "त्यात काहीतरी आहे" एवढंच सगळ्यांना माहीत असतं. काय आहे आणि ते बाहेर कसं काढायचं, हे मात्र कोणी बघत नाही. आज मी तुम्हाला अशाच एका फोनबद्दल सांगणार आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी काही इंजिनिअर नाही. जे मला कळलं ते तुम्हालाही कळेल.

आम्ही जबलपूरचे. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले. सासरे गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते, त्यामुळे घर इथेच झालं. घराबाहेर हिंदी आणि घरात मराठी अशी आमची रीत. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायच्या आणि दार लावताच मराठीत त्याचा उद्धार करायच्या! 2015 मध्ये माझ्या पुतण्याने त्यांना एक स्मार्टफोन घेऊन दिला. आईंना त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे आवाज रेकॉर्ड करायचं एक छोटंसं ॲप. दुपारी जेवणं आटोपली की त्या फोन पुढ्यात ठेवून बोलायच्या. अनारशांचं पीठ किती दिवस मुरवायचं, ग्वारीघाटावर नर्मदेत दिवे सोडायला कोण कोण जायचं, कोणाचं लग्न कसं जमलं, असं काहीही. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली त्या नावही लिहायच्या.

जानेवारी 2022 मध्ये आई गेल्या. फोन आम्ही जपून ठेवला. महिन्यातून एकदा चार्ज करायचा, एखादं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि परत ठेवायचा, एवढंच.

फोन रूट करणं म्हणजे काय?

पुतण्याने तो फोन 2016 मध्येच रूट केला होता. रूट करणं म्हणजे फोनच्या सगळ्या खोल्यांची किल्ली आपल्या हातात घेणं. एरवी कंपनी आपल्याला बैठकीच्या खोलीत वावरू देते, माजघर आणि कोठीघर बंद असतं. रूट केलं की तीही उघडतात. त्या काळात मुलांमध्ये याची फार हौस होती. डिसेंबर 2014 मध्ये मायक्रोमॅक्सने यू युरेका हा फोन आणला. तो सायनोजेन ही वेगळी प्रणाली घेऊनच आला होता. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजच्या मुलांना 'रॉम', 'रिकव्हरी' हे शब्द पाठ झाले. आमचा पुतण्याही त्यांतलाच एक. नको असलेली ॲप्स काढून आजीचा फोन हलका करायचा, एवढाच त्याचा हेतू होता.

2023 च्या उन्हाळ्यात तो सुट्टीला आला. फोन फार अडखळतोय म्हणून त्याने प्रणालीचं एक नवं अपडेट घालायला घेतलं. जुनी बॅटरी मध्येच संपली. परत चालू केला तर फोन कंपनीच्या नावाशी येऊन थांबायचा. पुन्हा बंद, पुन्हा नाव. याला बूटलूप म्हणतात. पोरगा रडवेला झाला. "काकू, आजीची रेकॉर्डिंग्ज..." एवढंच म्हणाला.

बाजारातल्या एका दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भाभीजी, फॉर्मॅट मारना पड़ेगा. डेटा नहीं बचेगा." मी फोन परत मागून घेतला.

अडचण अशी होती की ते ॲप रेकॉर्डिंग्ज नेहमीच्या फोल्डरमध्ये ठेवत नव्हतं. ती त्याच्या स्वतःच्या बंद कप्प्यात होती, म्हणजे त्याच कोठीघरात. शिवाय ते ॲप आता प्ले स्टोअरवरही मिळत नव्हतं. म्हणजे आवाज तर हवेच होते, पण आईंनी लिहिलेली नावं जशीच्या तशी दिसायला ते ॲपही चालू व्हायला हवं होतं.

मागचं दार

इथे एक गोष्ट कामाला आली, ती तुम्हीही लक्षात ठेवा. फोनची साठवण वेगवेगळ्या भागांत वाटलेली असते. 'बूट' भाग फोनला जागं करतो. 'सिस्टीम' भागात अँड्रॉइड असतं. 'डेटा' भागात आपली ॲप्स आणि त्यांचा सगळा मजकूर असतो. आणि अशा जुन्या फोनांत 'रिकव्हरी' नावाचा एक स्वतंत्र भाग असतो. घराचं पुढचं दार अडकलं तरी मागचं दार उघडतं, तसं हे आहे. सिस्टीम बिघडली तरी रिकव्हरी चालू होऊ शकते. पुतण्याने तिथे टीम विन रिकव्हरी प्रोजेक्ट, म्हणजे टीडब्ल्यूआरपी, बसवलेलं होतं. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरल्यावर ते उघडलं. (ही बटणं फोनगणिक बदलतात.)

पुतण्या लगेच दुरुस्तीला लागणार होता. मी म्हटलं, "थांब. आधी जे आहे त्याची नक्कल. दुरुस्ती नंतर." आजारी माणसाला हलवण्याआधी नाडी बघतात ना, तसं.

आम्ही फोन पूर्ण चार्ज केला. ओटीजी केबलने 32 जीबीचा पेन ड्राइव्ह जोडला. टीडब्ल्यूआरपीत 'बॅकअप' निवडलं, जागा म्हणून पेन ड्राइव्ह निवडला आणि बूट, सिस्टीम, डेटा या तिन्हींवर खूण केली. बिघडलेल्या सिस्टीमचीही नक्कल घेतली, कारण उगाच वाट बंद का करायची? अशा पूर्ण नकलेला नँड्रॉइड बॅकअप म्हणतात. पेन ड्राइव्हवर डॉट विन अशा शेवटाच्या फाईली तयार झाल्या. डेटाची फाईल मोठी असली तर टीडब्ल्यूआरपी तिचे तुकडे करतं. ते सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये राहू द्यायचे आणि त्यांची नावं बदलायची नाहीत.

मग तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून फोल्डरची आणखी एक प्रत केली. डेटाच्या फाईली म्हणजे खरं तर साध्या 'टार' गाठोड्यासारख्या असतात. आम्ही त्या दुसऱ्या प्रतीतलं गाठोडं सेव्हन-झिपने उघडलं. आत त्या ॲपचा कप्पा होता आणि कप्प्यात 41 आवाजाच्या फाईली. फोन अजून बंदच होता, पण आईंचा आवाज सापडला होता. पुतण्याने तेव्हा कुठे पाणी प्यायलं.

परत बसवणं

आता दुरुस्ती. 2019 च्या दिवाळीत पुतण्याने याच फोनचा पूर्ण बॅकअप घेऊन नागपूरच्या कॉम्प्युटरवर ठेवला होता. त्याच्या आईकडून तो मागवला. त्या दिवसापासून अर्धवट अपडेटपर्यंत फोनची अँड्रॉइड आवृत्ती बदललेली नव्हती. हे बघणं फार महत्त्वाचं. जुनी सिस्टीम आणि वेगळ्याच आवृत्तीचा डेटा यांची मोट बांधली, तर फोन पुन्हा बूटलूपमध्ये जाऊ शकतो.

'रिस्टोअर'मध्ये जाऊन आम्ही 2019 चा बॅकअप निवडला. त्यातली डेटाची खूण काढून टाकली, नाहीतर आईंची 2019 नंतरची रेकॉर्डिंग्ज पुसली जाऊन जुना डेटा आला असता. फक्त बूट आणि सिस्टीम परत बसवलं. मग कॅश पुसली आणि फोन चालू केला. पहिल्यांदा त्याने बराच वेळ घेतला. कंपनीचं नाव आलं, थांबलं, आणि मग आईंनी लावलेला नर्मदेचा फोटो पडद्यावर उमटला.

ॲप उघडलं. नावांची यादी जशीच्या तशी होती. 'अनारसे, घाई करू नये.' 'भूकंपाची रात्र.' 'सूनबाईसाठी.' ते शेवटचं मी आजवर उघडलेलं नव्हतं, कारण यादीत ते खूप खाली होतं. त्यात आई काय म्हणाल्या ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की मधेच दूधवाला येतो, आई त्याला पातळ दुधाबद्दल हिंदीत फैलावर घेतात आणि परत येऊन शांतपणे वाक्य पूर्ण करतात.

बॅकअपमध्ये काय नसतं

नँड्रॉइड बॅकअप घेतला म्हणजे सगळं आलं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. टीडब्ल्यूआरपीचा डेटा बॅकअप फोनच्या अंतर्गत साठवणीतले फोटो, व्हिडिओ आणि डाउनलोड घेत नाही. ते फोल्डर वेगळे कॉपी करावे लागतात. आणि बॅकअप फोनच्याच आत ठेवला तर फोनबरोबर तोही जातो. म्हणून तो बाहेर काढायचाच.

ईएफएस हा आणखी एक छोटासा भाग असतो. त्यात आयएमईआय नंबर आणि नेटवर्कची माहिती असते. रूट केलेल्या फोनचा मालक असाल तर त्याची एक प्रत आधीच घेऊन ठेवा. तो बिघडला तर फोनला सिम ओळखता येत नाही. मात्र दुसऱ्या फोनचा ईएफएस आपल्या फोनवर कधीही घालू नका. आयएमईआयमध्ये फेरफार करणं आपल्याकडे गुन्हा आहे.

पूर्ण बॅकअप परत घातल्यावर कधी कधी आपलाच पिन चालत नाही. म्हणून बॅकअप घेण्याआधी स्क्रीन लॉक काढलेलं बरं. काही ॲप्सच्या गुप्त चाव्या फोनच्या चिपमध्ये बांधलेल्या असतात, त्या बॅकअपमध्ये येत नाहीत. म्हणून कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवावेत.

आणि हो, असा बॅकअप म्हणजे अख्खं घर एका पेटीत. त्यात मेसेज, खाती सगळं असतं. पेन ड्राइव्ह दागिन्यांसारखाच जपा.

लोखंडी पेटीचा धडा

22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. तीव्रता 5.8. शहरात घरं पडली, माणसं गेली. आमच्या भिंतींना तडे गेले आणि कागदांचं कपाट आडवं झालं. त्यानंतर सासऱ्यांनी घराच्या कागदांच्या नकला काढल्या. एक संच लोखंडी पेटीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक नागपूरला दिरांकडे. "एकाच छपराखाली सगळं ठेवायचं नाही," असं ते म्हणायचे.

पुढे मला कळलं की पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने डिजिटल फाईलींसाठी हाच नियम लोकांपर्यंत नेला. त्याला 3-2-1 म्हणतात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमची 2019 ची प्रत नागपूरला होती म्हणूनच फोन उठला. पुतण्याने ती तिथे ठेवली, कारण आजोबांची पेटी त्याने लहानपणापासून बघितली होती.

तुमचा फोन रूट केलेला नसेल तर

हे वाचून कोणी जुना फोन रूट करायला बसू नका. रूट करण्यासाठी बहुतेक फोनांत आधी बूटलोडर उघडावा लागतो, आणि तो उघडताना फोन सगळा डेटा पुसून टाकतो. म्हणजे जे वाचवायला निघालात तेच आधी जाईल. आमचा फोन आधीच रूट केलेला होता, म्हणून हा मार्ग होता. शिवाय त्या फोनमधला डेटा कुलूपबंद नव्हता. अलीकडच्या फोनांत तो एन्क्रिप्ट केलेला असतो आणि कित्येकदा रिकव्हरीला तो वाचताच येत नाही. रूट केलेल्या फोनवर बँकेची अनेक ॲप्सही चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिजोरीची किल्ली दारात टांगून कोणी व्यवहार करतं का?

साध्या फोनसाठी साधा उपाय. फोन चालू आहे तोवर केबलने कॉम्प्युटरला जोडा. फोटो आणि रेकॉर्डिंग्जचे फोल्डर कॉपी करा. जे ॲप स्वतःच्या कप्प्यात ठेवतं, त्यात 'शेअर' किंवा 'एक्स्पोर्ट' शोधा आणि फाईली बाहेर काढा. गूगलचा बॅकअप चालू ठेवाच, पण तो प्रत्येक ॲपचं सगळं जपतोच असं नाही. आणि प्रत घेतल्यावर ती एकदा उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न चाखलेलं लोणचं. बरणी भरलेली दिसते, आत बुरशी आहे की नाही ते कळत नाही.

आमच्याकडे आता त्या 41 रेकॉर्डिंग्जच्या तीन प्रती आहेत. एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक नागपूरला. पुतण्याने सगळ्या नातवंडांना त्या पाठवल्या आहेत. गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने पुण्यात आजीच्या आवाजावर अनारसे केले. दोन तुपात विरघळले, बाकीचे जमले.

या रविवारी तासभर काढा. तो खणातला फोन बाहेर काढा, चार्जर शोधा आणि तो चालू होतो का ते बघा. चालू झाला तर आधी नक्कल, मग बाकी सगळं.