भंगुर

‘भंगुर’ हा शब्द आम्ही दोघे वर्गात वीस वर्षे शिकवीत आलो आहोत. संतकाव्य म्हटले की देह क्षणभंगुर, संसार क्षणभंगुर हे ओघाने येते. विद्यार्थी अर्थ लिहून घेतात आणि आम्ही पुढच्या ओवीकडे वळतो. या शब्दाकडे थांबून पाहण्याची वेळ आमच्यावर आली ती एका प्राण्यामुळे. इंग्रजीत ज्याला ब्रिटल स्टार म्हणतात आणि मराठीत भंगुरतारा, तो गेली सहा वर्षे आमच्या पुण्याच्या घरात, खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत वस्तीला आहे.

वाटाण्याहून थोडी मोठी तबकडी आणि तिला सापाच्या शेपटीसारखे पाच बारीक, काटेरी हात, असे त्याचे रूप. शत्रूने हात धरला तर तो हात तोडून देतो आणि उरलेल्या चारांवर निघून जातो. काही आठवड्यांनी तुटल्या जागी नवे टोक फुटू लागते. डोळे नाहीत, मेंदू नाही. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे, तेवढ्यावर सारा व्यवहार. पोटाला दार एकच, जेथून अन्न आत जाते तेथूनच उरलेले बाहेर पडते. पण हे कुळ पृथ्वीवर सुमारे ४८ कोटी वर्षे टिकून आहे. मोडणे हीच ज्याची टिकण्याची रीत, त्याला भंगुर म्हणावे का, असा प्रश्न आम्हा भाषेच्या माणसांना पडल्यावाचून राहिला नाही.

टाकीचा छंद आम्हांला चाळिशीत जडला. समुद्र दीडशे किलोमीटर दूर. त्यामुळे पाणी घरी बनवावे लागते. शुद्ध केलेल्या पाण्यात मीठमिश्रण घालून विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर ठेवायचे, तापमान २५-२६ अंशांवर, आणि दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे. आमच्याकडे प्रवाळ नाही. दगडी प्रवाळ आणि समुद्रकाकड्या २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या, तेव्हा तो मोह आम्ही धरला नाही. कोरडे सच्छिद्र दगड, वाळू, शंखात राहणारे दोन खेकडे, काही गोगलगायी आणि हा भंगुरतारा, एवढाच संसार.

त्याला भरवणे हे रात्रीचे काम. आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा लांब चिमट्याने दगडाच्या कपारीशी न्यायचा. आधी एक हात बाहेर येतो, पाणी चाचपतो, तुकड्याला वेढा घालतो, आणि तुकडा आत ओढला जातो. पुढे पुढे आम्ही दिवा मालवला की चिमटा पाण्यात जाण्यापूर्वीच दोन हात बाहेर येऊन हलू लागले. ‘आपल्याला ओळखतो,’ असे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगत असू. नंतर वाचनात आले की, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोळा काळे भंगुरतारे पाळले होते. त्यांपैकी निम्म्यांना दिवे मंद करून कोळंबी दिली, निम्म्यांना उजेडात. काही महिन्यांनी पहिल्या गटातले तारे अन्न येण्यापूर्वीच, नुसता अंधार होताच बाहेर येऊ लागले. म्हणजे आमचाही तारा ओळखत होता तो अंधाराला. आमचा अभिमान थोडा उतरला. त्याच्याविषयीचा आदर मात्र वाढला.

या टाकीत आम्ही एक चूक केली. एका दुकानात निळाशार तारामासा दिसला. लिंकिया हे त्याचे नाव. घर, हिंदी व प्रशांत महासागरांतले उथळ प्रवाळप्रदेश. त्या निळाईला भुलून आम्ही तो आणला. चार तास थेंबथेंब पाणी देऊन टाकीत उतरवला, कारण या प्राण्यांच्या अंगात समुद्राचेच पाणी खेळते आणि क्षारांचा लहानसा फरकही त्यांना सोसत नाही. तो काचेवरून संथ फिरू लागला. कोळंबी, शेवाळाच्या गोळ्या, जे जे सुचले ते ते आम्ही पुढे ठेवले. त्याने कशालाच तोंड लावले नाही.

त्याच सुमारास मालवणहून आत्या आमच्याकडे आल्या. काका गेले, मूलबाळ नाही, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना तिथे एकटे ठेवणे आम्हांला पटेना. आमच्या घरी त्यांना काही कमी नव्हते. डॉक्टर जवळ, जेवण वेळेवर, बाजारातून मासळीसुद्धा. तरी त्यांचे ताट अर्धे राहू लागले. आम्ही आग्रह करीत असू, त्या दोन घास अधिक घेत आणि उठत. दुपारी त्या टाकीपुढे बसून राहत. भंगुरताऱ्याला पाहून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, कालवे काढायला ओहोटीला जायचो तेव्हा दगड उलटला की असलेच पळायचे.

चौथ्या महिन्यात निळ्या ताऱ्याचे हात बारीक झाले, एका टोकाशी पांढरा डाग पडला आणि तिथून तो विरत गेला. जाणकारांनी सांगितले ते असे : हा तारा दगडांवर धरणारा सूक्ष्म जीवांचा पापुद्रा खरवडून जगतो. तो पापुद्रा लहान टाकीत पुरेसा धरत नाही, आणि कठीण कवचामुळे उपासमार महिनोन्महिने बाहेरून कळतही नाही. आजारी पडला असे आम्हांला वाटत होते. तो भरल्या ताटापुढे उपाशी मेला होता. आम्ही त्याला उचलून बाहेर काढत असताना आत्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, “तुमी घालतास ता ह्येचा खाणा न्हय.”

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. ते वाक्य आत्यांनी कोणाविषयी उच्चारले, हे त्यांना विचारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांना मालवणला पोचवले. शेजारच्या घरातील सुनेला दोन वेळा डोकावण्याची विनंती केली, फोन लावून दिला, औषधांच्या पुड्यांवर मोठ्या अक्षरांत वेळा लिहिल्या. निघताना त्या अंगणात पेज घेऊन बसल्या होत्या, आणि वाडगा रिकामा झालेला आम्ही पाहिला. दीड वर्षानंतर पावसाळ्यात त्या न्हाणीत घसरून पडल्या. दुपारपर्यंत कोणाला कळले नाही. हाड सांधले, पण पुण्यात असत्या तर, हा विचार आमच्या मनातून जात नाही. आत्या मात्र पुन्हा येण्याचे नाव काढत नाहीत.

जाण्याआधी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती : ह्यालाही समुद्रात सोडा. आम्हांला नाही म्हणावे लागले. टाकीतला प्राणी समुद्रात सोडू नये. त्याच्याबरोबर परका रोग किंवा परकी जात तिकडे जाते. आत्यांना परत नेता आले, याला नाही. ज्याला परतीची वाट उरली नाही त्याला निदान नेमाने भरवावे, एवढेच आमच्या हाती राहिले आहे. टाकीत नवा तारा आम्ही पुन्हा आणला नाही. बुधवारी आणि रविवारी रात्री दहाला दिवा मालवतो. कपारीतून हात बाहेर येतात. मागच्या हिवाळ्यात एक तुटला होता, तो आता जवळजवळ पूर्ण लांबीचा झाला आहे.