मोजले काय, हे विचारावे

वृद्ध माणसाचे डोके मोरीत आपटते, जखमही दिसत नाही, आणि काही आठवड्यांनी चाल अडखळू लागते. मेंदूच्या आवरणाखाली संथपणे रक्त साचल्याची शंका अशा वेळी घ्यावी. माझ्या सासूबाईंचे असेच झाले. शस्त्रक्रियेनंतर रक्त पुन्हा साचू नये म्हणून स्टेरॉइड का देत नाही, असे मी शल्यविशारदांना विचारले. त्यांनी ब्रिटनमधील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा दाखला दिला. तीत ७४८ रुग्ण होते; कोणाला डेक्सामेथासोन आणि कोणाला तशीच दिसणारी निरौषधी कॅप्सूल, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. रुग्णाला ते ठाऊक नव्हते, डॉक्टरांनाही नव्हते. औषधाच्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ खरोखरच कमी जणांवर आली. तेवढेच मोजले असते, तर आज घरोघरी हे औषध दिले गेले असते! पण मुख्य प्रश्न निराळा होता: सहा महिन्यांनी हा माणूस आधाराविना चालतो का? असे रुग्ण निरौषधी गटात शंभरात सुमारे ९० होते, औषधाच्या गटात ८४.

आपल्या माणसासाठी अभ्यासाचे संमतिपत्र समोर आले, तर काय मोजणार आणि किती महिन्यांनी, हे सहीपूर्वी अवश्य विचारावे. मराठी प्रतही मागावी.