दोन गावांची माती

मरणातून अभिमान कसा जन्माला येतो, या प्रश्नाने मला पुष्कळदा अस्वस्थ केले आहे. कोणाचा तरी तरुण मुलगा जातो, एका घराचा आधार कायमचा तुटतो आणि त्याच क्षणी हजारो कंठांतून जयघोष उमटतो. दुरून पाहणाऱ्याला ही मोठी विसंगती वाटेल. ज्या दारात आक्रोश चालला आहे, त्याच दारासमोर घोषणा कशा देववतात? आणि त्या घोषणांनी त्या घरचे दुःख तसूभर तरी कमी होते काय? पुस्तकात वाचताना हे प्रश्न सोपे वाटतात. परंतु २०१९ च्या फेब्रुवारी महिन्यात ते आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहिले, आणि मग त्यांना टाळणे कोणालाच शक्य झाले नाही.

१४ फेब्रुवारी २०१९, गुरुवार. दुपारचे तीन वाजून गेले होते. जम्मू-श्रीनगर महामार्गावर, पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे, स्फोटकांनी भरलेली एक मोटार केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यातील बसवर आदळली. ताफ्यात ७८ वाहने होती, अडीच हजारांहून अधिक जवान होते. त्यांतले कितीतरी सुटी संपवून, घरच्या माणसांचा निरोप घेऊन कामावर परतत होते. त्या एका क्षणात ४० जवान गेले. रात्री उशिरापर्यंत नावे येत राहिली आणि त्या नावांत आपल्या जिल्ह्यातील दोन नावे निघाली. एक मलकापूरचे संजय राजपूत आणि दुसरे लोणार तालुक्यातील चोरपांग्राचे नितीन राठोड. कुठे लेथपोरा आणि कुठे चोरपांग्रा! नकाशावर बोट ठेवून मोजू गेले तर उभा देश ओलांडावा लागतो. पण त्या रात्री हे अंतर एकाएकी नाहीसे झाले.

मी तेव्हा आठवीत होते. आमचे गाव हिवरा आश्रम, मेहकर तालुक्यातले. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे गावाला हे नाव मिळाले. विवेकानंद जयंतीच्या सोहळ्यात येथे जी पंगत बसते, ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगून खरे वाटायचे नाही. शेतात दूरवर माणसांच्या रांगा बसतात, त्या रांगांमधून ट्रॅक्टर फिरतात आणि पुरी व वांग्याची भाजी वाढली जाते. कोण कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे कोणी विचारीत नाही. अशा गावात वाढलेल्या मुलीला ‘राष्ट्र’ या शब्दाचा अर्थ निराळा शिकवावा लागत नाही, असे मला तोवर वाटत असे. त्या फेब्रुवारीने मात्र तो शब्द आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला.

त्याचे कारण माझा थोरला भाऊ. केंद्रीय दलांतील शिपाईभरतीची लेखी परीक्षा त्याच महिन्यात, ११ फेब्रुवारीपासून देशभर सुरू झाली होती, आणि दादाचा क्रमांक मार्चच्या पहिल्या आठवड्यात होता. आपल्याकडच्या खेड्यांत पहाटे रस्त्याने धावणारी मुले हे काही नवे दृश्य नाही. कोरडवाहू शेती, दोन-तीन एकराची वाटणी, कधी पाऊस नाही तर कधी भाव नाही! अशा घरांतून निघालेल्या मुलांना भरतीचे मैदान हीच एक मोकळी वाट दिसते. पाच किलोमीटर अंतर २४ मिनिटांत तोडायचे, एवढेच गणित डोक्यात घेऊन दादा दोन वर्षे पहाटे चारला उठत होता. आणि ज्या दलाची वर्दी त्याला हवी होती, त्याच दलाच्या ४० जणांच्या शवपेट्या आता दूरदर्शनच्या पडद्यावर दिसत होत्या.

आईने त्या रात्री चूल लवकर विझवली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या माउलीनं बी असाच डबा बांधून धाडला असंल ना रे लेकराले? कशाची परीक्षा अन् कशाचं काय! दोन एकर हाये, तेच कर.”

दादा म्हणाला, “आई, समदेच घरी बसले तं मंग जाईन कोण?”

“कोणी बी जावो. तू नको.”

बाबा एवढेच म्हणाले, “त्याले भेवून घरात बसवलं, तं जन्मभर मनात ठेवीन तो.” त्यापुढे कोणीच बोलले नाही.

शनिवारी, १६ फेब्रुवारीला, दोन्ही जवानांवर त्यांच्या त्यांच्या गावी अंत्यसंस्कार झाले. दादा मित्रांबरोबर चोरपांग्र्याला गेला होता. संध्याकाळी परत आल्यावर तो सांगत होता की पाय ठेवायला जागा नव्हती. माणसे बांधावर, घरांच्या छपरांवर, झाडांवर उभी होती. घोषणा तर चालल्याच होत्या. पण त्याच्या मनावर ठसले होते ते दुसरेच. अनोळखी माणसे एकमेकांना पाणी देत होती, म्हाताऱ्यांना धरून पुढे नेत होती, आणि बंदुकांची सलामी झडली तेव्हा एवढ्या गर्दीत पोरगेसुद्धा रडले नाही. “मले वाटलं, हे समदे त्याच्या घरचेच हायेत,” असे तो म्हणाला. माझ्या मते त्या आठवड्यातले हे सर्वांत खरे वाक्य होते. मरणाचा अभिमान कोणालाच नव्हता. परक्याच्या मरणाने आपल्याला घरच्यासारखे रडू येते, याचा तो अभिमान होता.

तथापि, सगळेच काही असे उजळ नव्हते, हेही प्रांजळपणे लिहिले पाहिजे. दुःखाचे संतापात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही, आणि संताप आंधळा असतो. त्याच आठवड्यात देशात ठिकठिकाणी शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना धमक्या आल्या. आपल्या विदर्भात, यवतमाळला, काही काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. ज्यांचा त्या स्फोटाशी काडीइतका संबंध नव्हता, अशी ती मुले! कोणी या वेळी असे करणे म्हणजेच देशाभिमान समजत होते. अशा वेळी त्या मुलांच्या मदतीला कोण धावले? केंद्रीय राखीव पोलीस दलच! श्रीनगरहून चालणाऱ्या या दलाच्या ‘मददगार’ या दूरध्वनी-सेवेने जाहीर केले की, राज्याबाहेर अडचणीत असलेल्या काश्मिरी विद्यार्थ्यांनी आम्हाला कळवावे, आम्ही मदत करू. स्वतःच्या ४० सहकाऱ्यांच्या चिता अजून निवल्या नव्हत्या, आणि हे दल इतरांच्या लेकरांची काळजी वाहत होते. मित्रहो, देशाविषयी अभिमान वाटावा असे मला त्या दिवसांत काही दिसले असेल तर ते हे होय. त्या ४० जणांत एक जवान जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातला होता, एक केरळच्या वायनाडचा, एक कर्नाटकातील मंड्याचा आणि कोणी आसामचा, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा हात निरपराध मुलावर उठणार नाही.

अभिमान आणि संताप यांतला हा भेद आपल्याच मातीत फार जुना आहे. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातले. १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात लखुजीराव जाधवांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर दोन पुत्र आणि एक नातूही कापले गेले. एका दिवसात जिजाऊंचे माहेर उजाड झाले. त्या वेळी त्यांच्या उदरात शिवराय होते, आणि पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. पित्याच्या आणि भावांच्या रक्ताचा सूड एवढेच जर त्या माउलीने मुलाला शिकवले असते, तर इतिहासाला आणखी एक सरदार मिळाला असता. तिने राज्य कसे असावे याचे स्वप्न दिले. आपत्तीनंतर माणूस काय मोडतो यापेक्षा काय उभारतो, यावरच त्याची उंची ठरते, हे सिंदखेडचा वाडा पाहताना दरवेळी मनात येते. २०१९ ची शिवजयंती त्या दोन अंत्यसंस्कारांनंतर अवघ्या तीन दिवसांनी आली. आमच्या आळीतल्या मुलांनी त्या वर्षी वाजंत्री लावली नाही. दिवे लावले, दोन मिनिटे उभे राहिले आणि घरोघर गेले. एवढेच; पण ती जयंती मला सर्वांत जास्त आठवते.

ज्यांच्या नावाने आमच्या गावचा आश्रम उभा आहे, त्या विवेकानंदांच्या चरित्रातही असाच एक प्रसंग आहे. १८९८ साली कलकत्त्यात प्लेगची भीती पसरली. लोक शहर सोडून पळू लागले. सेवाकार्याला पैसा कोठून आणणार, असा प्रश्न निघाला तेव्हा, मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकावी लागली तरी विकू, असे स्वामीजी म्हणाले. पुढल्या वर्षी प्लेग पुन्हा उसळला आणि भगिनी निवेदितांनी हाती झाडू घेऊन गल्ल्या स्वच्छ केल्या. शिकागोच्या १८९३ च्या सभेतला जयजयकार सर्वांना माहीत असतो. हा झाडू फार थोड्यांच्या ध्यानात राहतो. पण मला वाटते, राष्ट्राभिमानाचे ओझे व्यासपीठापेक्षा अशा झाडूनेच अधिक पेलले आहे.

पुलवाम्यानंतरही एका माणसाने असेच एक काम मुकाट्याने हाती घेतले. उमेश गोपीनाथ जाधव हे त्यांचे नाव. मूळचे मराठवाड्यातले, बंगळूरला स्थायिक झालेले, व्यवसायाने संगीतकार. एप्रिल २०१९ मध्ये ते आपली मोटार घेऊन निघाले. ४० जवानांपैकी प्रत्येकाच्या गावी जायचे, घरच्यांना भेटायचे आणि तेथली मूठभर माती घ्यायची, एवढाच त्यांचा संकल्प. रात्री निजायचे तेही मोटारीतच. ऊन, पाऊस, थंडी अंगावर घेत त्यांनी सुमारे ६१ हजार किलोमीटर प्रवास केला. वर्षश्राद्धाच्या दिवशी, १४ फेब्रुवारी २०२० रोजी, लेथपोऱ्याच्या छावणीत हुतात्म्यांच्या स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्या मातीचा कलश तेथे अर्पण करण्यात आला. त्या कलशात मलकापूरची माती आहे, चोरपांग्र्याचीही आहे. आपल्या काळ्या रानाची ती माती केरळच्या, पंजाबच्या, आसामच्या, राजौरीच्या मातीत अशी मिसळली आहे की आता कोणाला ती निवडून वेगळी काढता यायची नाही. ही बातमी वाचली तेव्हा मला आश्रमातली पंगत आठवली. तेथेही एका रांगेत बसलेल्यांना असेच वेगळे काढता येत नाही.

एक कलश दिल्याने कोणाचा मुलगा परत येत नाही, हे मी जाणते. त्या आईवडिलांची पोकळी भरून काढण्याचे सामर्थ्य कोणत्याही स्मारकात नाही, कोणत्याही लेखात तर नाहीच. आशा म्हणजे दुःख विसरणे असे कोणी म्हणत असेल, तर ती आशा मला नको. चाळीस घरांची नावे आठवीत ठेवून एक माणूस इतके दूरचे दरवाजे ठोठावतो, आणि प्रत्येक दरवाजा उघडतो, याला मी आशा म्हणते.

आता आमच्या घराचे काय झाले ते सांगून संपवते. आईने ‘जा’ असे शब्दाने कधीच म्हटले नाही. मात्र काही दिवसांनी दादा पहाटे उठला तेव्हा, भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी त्याच्या बुटांशेजारी झाकून ठेवलेली होती. त्याने परीक्षा दिली, मैदानी चाचणीही निभावली. अंतिम यादी २०२१ च्या जानेवारीत लागली. तीत त्याचे नाव नव्हते. आठ दिवस तो कोणाशी बोलला नाही. मग एका पहाटे शेजारची दोन मुले, ‘दादा, आमची वेळ लावून देतो का?’ म्हणून दारात आली आणि तो उठला. आज तो दोन एकर पाहतो आणि सकाळी पंधरा-वीस मुलांना पळवतो. त्यांतल्या दोघांच्या अंगावर आज वर्दी आहे. त्यांच्या आया आमच्या आईकडे येऊन बसतात. काय बोलतात ते मी ऐकत नाही. पण आई आता वाटीऐवजी पातेलेभर हरभरे भिजवते.

भीती तिची अजून गेलेली नाही. आणि तरीही ती रोज रात्री न चुकता हरभरे भिजत घालते. देशावर प्रेम करणे म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी यापेक्षा निराळे उत्तर देऊ शकणार नाही.